आजोबांचे नाव कोणी लिहून ठेवले?

घाटकोपरच्या पंतनगरात, भटवाडीत किंवा असल्फ्याच्या टेकडीवर कुठल्याही मराठी घरात 'गाव कोणते?' असे विचारा, उत्तर लगेच मिळते. खेड, चिपळूण, पाटण, शिराळा, जुन्नर. मुंबईत आधी कोण आले, हेही बहुतेकांना सांगता येते. पण ते कोणत्या साली आले, कोणाच्या ओळखीने आले, आधी कुठे राहिले, गावची जमीन कोणाच्या नावावर होती, त्यांची आई कुठल्या गावची, असे विचारू लागलो की घर गप्प होते. आजोबांच्या वडिलांचे नाव तरी आठवते. त्यांच्या आईचे नाव शंभरातल्या नव्वद घरांत कोणाला सांगता येत नाही.

हे सगळे गेले, आता मिळायचे नाही, असे समजून लोक गप्प बसतात. तसे समजू नका. साध्या माणसाचे चरित्र कोणी लिहीत नाही, पण त्याचे नाव मात्र जन्मभर कोणी ना कोणी लिहीत असतो. तलाठी साऱ्यासाठी लिहितो, मास्तर पटासाठी, गिरणीतला कारकून पगारासाठी, घरमालक भाड्याच्या पावतीसाठी आणि तीर्थाचा उपाध्याय पुढच्या पिढीच्या ओळखीसाठी. म्हणून शोध सुरू करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: या माणसाचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला होती? त्या प्रश्नाच्या उत्तरात दप्तराचा पत्ता सापडतो.

आधी घर धुंडाळा

कचेरीत जाण्याआधी माळा आणि ट्रंक उघडा. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी शिधापत्रिका, भाड्याच्या पावत्या, मनीऑर्डरची पावती, विम्याची पॉलिसी, लग्नपत्रिका, बारशाची पत्रे, फोटोंच्या मागचा मजकूर, सगळे बाहेर काढा. मुंबईत रेशनिंग १९४३ साली सुरू झाले, त्यामुळे जुने कार्ड जपलेले असेल तर त्या वर्षी घरात कोण कोण होते ते एका कागदावर मिळते.

मग भांडी पाहा. आपल्याकडे लग्नात, बारशाला, मुंजीला दिलेल्या भांड्यावर नाव घालून द्यायची पद्धत आहे. पितळी डबा किंवा तांब्या घासून उजेडात तिरपा धरा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ओळ दिसेल: देणाऱ्याचे नाव, कधी त्याचे गाव, कोणाच्या लग्नाप्रीत्यर्थ, आणि तारीख. ज्या आजीचे नाव एकाही सरकारी कागदावर सापडत नाही, तिचे माहेरचे नाव अशा डब्यावर सापडू शकते. भांडे मोडीत घालण्याआधी त्याचा फोटो घ्या.

नंतर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर बसा. 'कोणत्या साली?' हा प्रश्न टाळा. सन सहसा आठवत नाही, प्रसंग आठवतात. 'गोदीचा स्फोट झाला तेव्हा बाबा मुंबईत होते का?' म्हणजे एप्रिल १९४४. 'कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?' म्हणजे डिसेंबर १९६७. 'बहात्तरच्या दुष्काळात?', 'गांधींना मारले तेव्हा?' अशा खुणांवर एकेक घटना बसवत जा. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज नोंदवा, आणि त्यांनी सांगितलेली नावे त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. 'बाळू', 'नाना', 'तात्या' या घरच्या हाकांमागचे कागदावरचे नाव वेगळे असते, तेही विचारून ठेवा.

घाटकोपरचेच एक उदाहरण

नाव आणि जिल्हा यांत किती गुंता होतो हे पाहायला घाटकोपरच्याच एका थोर माणसाचे उदाहरण घेऊ. अण्णा भाऊ साठे चिरागनगरच्या झोपडीत राहिले आणि तिथे त्यांनी लिहिले. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. लहानपणी ते घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत कामाला लागले. १८ जुलै १९६९ रोजी गेले. 'अण्णा भाऊ' हे नाव महाराष्ट्रभर झाले, पण त्यांचे पाळण्यातले नाव तुकाराम, वडील भाऊराव. जुन्या नोंदवहीत 'अण्णा' शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत येईल. 'तुकाराम भाऊ' शोधावे लागेल.

आता जिल्हा. वाळवा आज सांगलीत आहे. पण १९२० साली सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या पट्ट्यात सांगली, मिरज, कुरुंदवाड, औंध अशा संस्थानांची गावे ब्रिटिश मुलखातल्या गावांत मिसळलेली होती. ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली. म्हणून आपले गाव त्या वेळी कोणाच्या अमलाखाली होते हे आधी ठरवा. सिंधुदुर्गचे गाव असेल तर १९८१ पूर्वीचा जिल्हा रत्नागिरी, रायगडचे जुने नाव कुलाबा, आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात.

घाटकोपरलाही हे लागू आहे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली ठाण्यातून वेगळा निघाला. घाटकोपर-किरोळची नगरपालिका वेगळी होती. १९५० साली भांडुपपर्यंतचा भाग महापालिकेत आला, आणि मुलुंड त्यानंतर १९५७ साली. किरोळच्या किंवा आसपासच्या आगरी, कोळी, ईस्ट इंडियन कुटुंबांनी आपले जुने कागद ठाण्याच्या दप्तरातही पाहावेत.

गावचे दप्तर

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर १९६७ पूर्वीच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. ५० लाखांहून अधिक नोंदी मिळाल्या. त्या निमित्ताने कधी न उघडलेली गाठोडी उघडली, बरीच पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. मराठा आरक्षणाबद्दल तुमचे मत काहीही असो, पूर्वजांचा शोध घेणाऱ्या कोणत्याही जातीच्या माणसाला यातून एक तयार नकाशा मिळाला आहे. तहसील, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, शाळा, तुरुंग, पोलीस, उत्पादन शुल्क: कोणत्या खात्याच्या कोणत्या वहीत माणसांची नावे आहेत ते या शोधात पुढे आले.

यातली पहिली वही म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी 'कोतवाल बुक'. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्याआधी गावातले जन्ममृत्यू इथेच लिहिले जात. ही वही बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. ती वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुतेक नसतेच. बापाचे नाव, जात, 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि तारीख एवढेच असते. म्हणून बापाच्या नावाने शोधा. दुसरे, पहिले बाळंतपण माहेरी होते आणि नोंद जन्म जिथे झाला तिथे होते. वडिलांच्या गावी नोंद मिळाली नाही की लोक 'नोंदच नाही' म्हणतात. आजीच्या माहेरच्या गावची वही कोणी मागतच नाही. ती मागा.

मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारणही असते. १९१८ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधली पाने उघडली तर 'ताप' हे कारण पानामागून पान दिसेल. इन्फ्लुएंझाची साथ होती. एकाच आडनावाची चार माणसे एका पंधरवड्यात गेलेली दिसली, तर त्या घरातली मुले पुढे मामाकडे का वाढली, याचा उलगडा होतो.

दुसरी वाट जमिनीची. आजचा सातबारा महाभूलेखवर घरबसल्या पाहता येतो. त्यावर नावांजवळ वर्तुळात आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. त्यातला सर्वांत जुना क्रमांक घ्या, तो फेरफार मागवा. वारस नोंदीचा फेरफार असेल तर 'अमुक मयत झाले, त्यांचे वारस' असे लिहून मुलांची, विधवेची, कधी मुलींची नावे, वय आणि मृत्यूची तारीख दिलेली असते. त्या फेरफारात आधीच्या नोंदीचा उल्लेख असतो, तो धरून आणखी मागे जा. बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन केलेले जुने फेरफार आणि सातबारे राज्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आहेत. नसतील तर तहसीलमध्ये नक्कल अर्ज करा. भूमी अभिलेख कार्यालयात क. ड. पत्रक, आकारफोड, गुणाकार बुक मागा. त्यांत मोजणीच्या वेळचे खातेदार सापडतात.

'आमची जमीनच नव्हती' असे म्हणून थांबू नका. जमीन कसणाऱ्या कुळांच्या नोंदवह्या वेगळ्या असतात. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने हजारो कुळांची नावे कागदावर आली. त्या प्रकरणांत जबाब असतात, आणि जबाबात माणूस स्वतः बोलतो: किती वर्षे कसतो, खंड किती देतो, आधी बाप कसत होता का.

भारताच्या जनगणनेचे कुटुंबवार कागद वाचकांना खुले होत नाहीत. इंग्लंडात शतकापूर्वीची जनगणना नावानिशी वाचता येते, तशी सोय आपल्याकडे नाही. मात्र १९५१ च्या जनगणनेबरोबर तयार झालेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर काही ठिकाणी तहसीलच्या दप्तरात टिकले आहे. ते नावाने विचारा.

एक कळकळीची विनंती. जातीच्या दाखल्यासाठी काढलेला कागद जातीचा रकाना दिसला की बाजूला ठेवला जातो. तसे करू नका. पूर्ण पान वाचा, शेजारची दोन पाने वाचा. साक्षीदार कोण, शेजारचा गट कोणाचा, सही की अंगठा, हे सगळे त्या माणसाच्या आयुष्याचे तुकडे आहेत.

मुंबईतला माग

गिरणीत असलेल्या माणसाचे कागद पुष्कळ असतात. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी ज्यांनी अर्ज केला त्या घरांना ही यादी पाठ आहे: ओळखपत्र, तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, हजेरीपत्रक, लीव्ह रजिस्टरचा उतारा, प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयसीचा क्रमांक, पगारपावती. अर्ज मंजूर झाला नसला तरी ती फाइल टाकू नका. ती तुमच्या आजोबांची कामाची कुंडली आहे. तिकीट नंबरावरून गिरणीतले खाते विचारता येते, लीव्ह रजिस्टरवरून ते दरवर्षी गावी कधी जात ते कळते: शिमग्याला, गणपतीला की पेरणीला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचा दवाखाना पंतनगरातच होता. त्या काळातल्या युनियनच्या पावत्या, बॅज, सभेचे फोटो घाटकोपरच्या पुष्कळ घरांत अजून असतील.

रेल्वे, बेस्ट, गोदी आणि महापालिकेत नोकरी केलेल्यांचे सेवापुस्तक असते. पेन्शनचा कागद हाती असेल तर त्यावरच्या क्रमांकाने वारसाला विचारणा करता येते. झोपडपट्टीत राहिलेल्या कुटुंबांनी १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतरचा फोटोपास शोधावा. त्यावर कुटुंबप्रमुखाचा आणि घरच्यांचा त्या वर्षीचा चेहराच असतो. चाळीत राहिलेल्यांनी भाडेपावत्या आणि जुन्या मतदार याद्या पाहाव्यात. घाटकोपरमध्ये झालेल्या जन्ममृत्यूंसाठी महापालिकेच्या एन विभागाच्या कार्यालयात विचारा.

शाळेचा 'जनरल रजिस्टर' उतारा फार मोलाचा. त्यात आधीची शाळा, पालकाचा धंदा आणि शाळा सोडण्याचे कारण असते. जन्मतारीख १ जून दिसली तर मात्र ती मास्तरांनी नाव घालताना लावलेली असण्याचाच संभव जास्त, हे धरून चला.

गावाचे मुंबईतले मंडळ विसरू नका. सातारा-कोकणातल्या गावांच्या सामाईक खोल्या गिरणगावात होत्या आणि त्यांची वर्गणीची वही असे. मंडळाच्या जुन्या सेक्रेटरींकडे ती वही, अहवाल, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची देणगीदार यादी असू शकते. देवळाच्या पायरीवर कोरलेले नावही पुरावाच आहे.

आजी कुठे सापडेल?

लग्नानंतर आडनाव बदलते, आपल्याकडे पुष्कळ घरांत पहिले नावही बदलत असे. म्हणून बाईचा शोध दोन्ही घरांतून घ्यावा लागतो. सासरच्या वारस फेरफारात ती विधवा किंवा आई म्हणून येते. माहेरच्या बाजूला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारस म्हणून लागू लागल्या, आणि त्याबरोबर हक्कसोड पत्रेही होऊ लागली. बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडल्याचा तो कागद असतो. त्यात प्रत्येक बहिणीचे सासरचे पूर्ण नाव, वय आणि राहण्याचे गाव येते. जिने जमीन सोडली तिची ओळख त्या कागदाने जपली. दुय्यम निबंधकांच्या सूचीत तो शोधा. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात मुंबईचे दस्त १९८५ पासूनचे आणि उर्वरित महाराष्ट्राचे २००२ पासूनचे पाहता येतात. त्याआधीच्यासाठी कार्यालय गाठावे लागते.

वही, कथन आणि परमुलूख

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावांप्रमाणे लावलेल्या नामावळी आहेत. तीर्थाला आलेल्या माणसाने आपले, बापाचे, आजाचे, भावांचे नाव सांगितले आणि खाली सही केली, अशी ती नोंद. जाताना गाव, आडनाव आणि शक्य तर गोत्र किंवा देवक माहीत असू द्या, आणि आपल्या पिढीची नावेही लिहून या.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव भागात हेळवी येतात. बैल घेऊन दारी येणारे हे लोक घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात आणि वहीत नवी नावे घालतात. घाटकोपरच्या गुजराती-कच्छी शेजाऱ्यांकडे हेच काम बारोट करतात. हेळवी गावी आले की फोनवरून का होईना, त्यांचे म्हणणे नोंदवून घ्या, आणि त्यांची दक्षिणा मान ठेवून द्या. ख्रिस्ती कुटुंबांना पॅरिशच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्या आहेत. कुर्ल्याच्या होली क्रॉससारख्या जुन्या चर्चमध्ये चौकशी करावी. ज्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला आहे, त्यांनी दादरच्या किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहावे.

पहिल्या महायुद्धात मराठी मुलखातून पुष्कळ शिपाई गेले. कोकण-घाटावरच्या काही गावांत किती गेले आणि किती परतले नाहीत याचा दगड आजही उभा आहे. न परतलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात, आणि कित्येक नोंदींत वडिलांचे नाव आणि गाव असते. खलाशांची नावे मशीद बंदरच्या स्मारकावर आहेत. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे कागद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपले आहेत. तिकडचे वंशज आपले गाव शोधत इकडे येतात. तुमच्या गावातला 'परत न आलेला भाऊ' त्यांचा पणजोबा असू शकतो.

मोडी आणि सन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पुष्कळ कागद मोडीत आहेत. घाबरू नका. आपले आडनाव, गाव, 'बिन' म्हणजे अमुकाचा मुलगा, महिने आणि आकडे एवढे ओळखता आले तरी नोंदवही चाळता येते. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. त्याचे मुंबईतले दप्तर १८२१ साली सुरू झालेले असून एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. घाटकोपरहून सीएसएमटीला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जाता येते. पुणे आणि कोल्हापूरलाही पुराभिलेखागारे आहेत. मात्र तिथे घराण्याची फाइल तयार मिळत नाही. गाव, साल आणि विषय ठरवून जा.

सन बदलून घ्यायला शिका. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९०. वर्ष मध्येच बदलत असल्याने एखादे वर्ष पुढे धरा. शके १८४० आणि फसली १३२८ दोन्ही १९१८-१९ मध्ये पडतात.

खरे करून घ्या, मग लिहा

एकाच गावात त्याच नावाचे तीन 'रामा बिन गोविंदा' असतात. म्हणून नाव, बापाचे नाव, गाव आणि वय, या चारांपैकी निदान तीन जुळल्याशिवाय माणूस आपला मानू नका, आणि महत्त्वाच्या गोष्टीला दोन वेगळ्या हातांनी लिहिलेले पुरावे हवेत. प्रत्येक नकलेच्या मागे कार्यालय, वही, पान आणि तारीख लिहा. पैसे घेऊन थेट एखाद्या राजघराण्याला वंशावळ जोडून देणाऱ्यांपासून दूर राहा. कागदावर खाडाखोड करून घेणे हा गुन्हा आहे, आणि आपल्याच माणसाशी खोटेपणाही.

कागदांत कटू गोष्टीही येतील: सोडून दिलेली बायको, सावकाराकडे गेलेली जमीन, तुरुंग, 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का. ज्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या तो १९५२ साली गेला. त्या रजिस्टरातले नाव शरमेचे नाही, त्या माणसाने काय सोसले त्याची साक्ष आहे. ते लिहा. फक्त जिवंत माणसांच्या खासगी गोष्टी त्यांना विचारल्याशिवाय कुणाला पाठवू नका.

शेवटी सगळे एका माणसाच्या नावाने, सालवार, दोन-तीन पानांत उतरवा. जिथे पुरावा आहे तिथे पुरावा सांगा, जिथे ऐकीव आहे तिथे 'असे सांगतात' म्हणा, जिथे काहीच नाही तिथे रिकामी ओळ ठेवा. ती पाहून एखादा चुलत भाऊ नेमका तोच कागद काढून देईल. प्रती भावकीत वाटा, एक गावच्या शाळेला द्या. आणि या वेळी गणपतीला गावी जाल तेव्हा परतीची गाडी एक दिवस उशिराची काढा. कामाचा वार पाहून त्या दिवशी तहसीलच्या अभिलेख कक्षात आजीच्या माहेरच्या गावच्या कोतवाल बुकाचा अर्ज द्या.